कोकराचा सड

फाल्गुन सरायच्या आतच ऊन असं तापलं की फलटणच्या कालव्याकडेच्या तोडलेल्या उसात दुपारी पाय ठेवला तरी पाचट कुरकुर वाजायचं. नानासोचा वाडा त्याच रानात उतरला होता. वाडा म्हणजे साठ दुभत्या मेंढ्या, त्यांची कोकरं, एक घोडं, दोन कुत्री, आणि ताडपत्रीच्या सावलीला नानासो, त्याची बायको रंगूबाई आणि सून राणी. मुलगा तानाजी भाकड मेंढ्या घेऊन कराडच्या अंगाला गेला होता. दिवाळी झाली की म्हसवडजवळचं गाव सोडायचं आणि ज्येष्ठात तिकडं पावसाचं चिन्ह दिसलं की परतायचं, हे त्या घरात कुणाच्या आठवणीआधीपासून चाललेलं.

यंदा नवीन होती ती रानमालकाची मुलगी अपेक्षा. ती दुधाचं शिक्षण घेऊन इटलीला गेली आणि तिथल्या सार्डिनिया नावाच्या बेटावर मेंढपाळांच्यात दोन वर्षं राहून आली. गावाला वाटलं होतं, पोरगी परदेशातून काहीतरी भारी शिकून येईल. ती आली ती मेंढीच्या दुधाचं चीज शिकून. पेकोरिनो म्हणतात त्याला. गावानं पोटभर हसून घेतलं, आणि अपेक्षानं बापाचं बंद पडलेलं गुऱ्हाळघर धुऊन, चुना लावून, फरशी घालून त्यात काम सुरू केलं.

रंगूबाई पहिल्या दिवशी नुसती चरवी पोचवायला गेली होती. अपेक्षा पातेल्यात काचेची नळी बुडवून दूध किती तापलंय ते बघत होती. रंगूबाईनं मनगटावर थेंब घेतला आणि म्हणाली, अजून जरा, सडातनं निघतं तेवढं ऊन होऊ द्या. अपेक्षानं नळी वर काढून पाहिली, मग रंगूबाईकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला आतच घेतलं. डोक्याला टोपी, अंगात पांढरा डगला. राणी तिला त्या वेशात बघून इतकी हसली की हातातली घागर कलंडली.

काम काही अवघड नव्हतं, पण घाई चालत नव्हती. कोमट दुधात विरजणाचा एक चमचा, मग बाटलीतल्या दूध बसवायच्या रसाचे थेंब, की पाऊण तासात दूध थरथरत्या वडीसारखं बसायचं. त्याचे सुरीनं तुकडे करत करत जोंधळ्याच्या दाण्याएवढे करायचे. पुन्हा तापवायचं, हलवत राहायचं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत घालून ते दाणे तळाशी गोळा करायचे आणि भोकाच्या साच्यात दाबायचे. इथंच रंगूबाईचा हात चालला. अपेक्षाच्या गोळ्यात पाणी राहायचं, रंगूबाईच्या राहायचं नाही. साच्यातून निघालेलं चाक मिठाच्या पाण्यात एक दिवस पोहायचं आणि मग मागच्या थंड खोलीत फळीवर जाऊन बसायचं, दोन अडीच महिने. एक दिवसाआड ते उलटायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. उरलेली निवळी पुन्हा तापवली की वर पांढरे गोळे यायचे. त्याला ते लोक रिकोत्ता म्हणत. रंगूबाई ते गुळाबरोबर नानासोला नेऊन द्यायची आणि तो बोटं चाटून म्हणायचा, इटलीच्या लोकास्नी अक्कल हाय म्हणायची.

एकदा दूध बसायची वाट बघताना अपेक्षानं त्या बाटलीचं सांगितलं. आपल्याकडं कायद्यानं हा रस प्राण्याचा चालत नाही. पण तिकडं जुनी माणसं दूधपित्या कोकराची चुस्ती, म्हणजे पोटातली ती दुधाची पिशवी, वाळवून ठेवतात. त्यात दूध आपोआप बसतं. रंगूबाईला नवल वाटलं नाही. कापलेल्या कोकराच्या पोटात दुधाचा गोळा तिनं लहानपणापासून पाहिला होता. कोकरू पोटभर प्यालं की त्याच्या पोटात चीजच होतं की मग, असं ती म्हणाली, आणि अपेक्षानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्याच दिवशी अपेक्षा म्हणाली की चीजच्या वेष्टनावर नाव रंगूबाई असंच घालायचं. "तुमच्या हाताचं आहे काकू. दुसरं कशाला?"

रेशनकार्ड, आधारकार्ड सोडलं तर रंगूबाईचं नाव जगात कुठं लिहिलेलं नव्हतं. वाड्यावर येऊन तिनं भाकऱ्या थापल्या त्या सगळ्या जाड झाल्या.

आता रंगूबाईचा एक नियम होता. मेंढीला सड दोन. एक कोकराचा, एक माणसाचा. सकाळी धार काढायची ती एकाच सडाची, मग कोकरं सोडायची. संध्याकाळचं सगळं कोकराचंच. तिची सासू तशीच धार काढायची, आणि त्या नियमाची कुणी चर्चा केलेली नव्हती, कारण तो मोडायची गरजच कधी पडली नव्हती. धनगराच्या घरात दूध चहापुरतं लागायचं. विकायचं ते खत, लोकर आणि बोकड-मेंढे.

चीजला बारा लिटर लागायचं. त्याहून कमी दुधाचं चाक पिकायच्या आत वाळतं आणि तडकतं, म्हणून अपेक्षानं कॅनला बारावर एक रेघ ओढून ठेवली होती. माघात दूध रेघेच्या वर यायचं. फाल्गुनात रेघेला टेकलं. मग ऊन पेटलं आणि ते बोटभर खाली गेलं, मग चार बोटं. अपेक्षा काही रागावली नाही. ती म्हणाली, गाईचं थोडं घालू, नाहीतर हंगाम इथंच थांबवू. गाईचं घातल्यावर ते निव्वळ पेकोरिनो राहणार नाही, तुमचं नाव मग पुढच्या वर्षी घालू.

"गाईचं नगं," रंगूबाई म्हणाली. "मी भागवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पंधरा मेंढ्या निवडल्या. ज्यांची कोकरं मोठी झाली होती, पाला कुरतडायला लागली होती, अशा चौदा. त्यांच्या दोन्ही सडांची धार काढली. कॅन रेघेच्या खाली दोन बोटं राहिला. पंधरावी काळतोंडी होती.

काळतोंडी राणीची. राणीच्या बापानं, हरिबानं, लग्नात आंदण दिलेली. कासेनं भरलेली, दाट दुधाची, आणि तिचं कोकरू सगळ्यात उशिरा जन्मलेलं, तीन आठवड्यांचं, पांढरं, फक्त एक कान काळा. राणी त्याला दुपारच्या उन्हात मांडीवर घेऊन बसायची आणि तानाजीला फोनवर त्याचं ओरडणं ऐकवायची. रंगूबाईला हे सगळं ठाऊक होतं. अंधारात चूक झाली असं पुढं तिनं मनाशी म्हणून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. हात तिचा होता आणि कोणाच्या कासेला आहे ते हाताला कळत होतं. संध्याकाळी पिईल की पोटभर, एवढंच ती तेव्हा म्हणाली. दूध रेघेला लागलं.

दुसऱ्या दिवशीही लागलं. त्या दिवशी राणी कोकरं पाजून आली आणि म्हणाली, "आत्या, काळतोंडीला दूध न्हाई. कोकरू नुसतं ढुसण्या मारतंय."

"ऊन किती हाय बघ की," रंगूबाई म्हणाली. "सगळ्यांचीच आटल्यात."

राणीनं मान हलवली आणि घागरी घेऊन कालव्यावर गेली. सासूचं मेंढरातलं ज्ञान मोठं, त्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. रंगूबाई मात्र तिच्या पाठीकडं बघत राहिली. खोटं बोलायला किती कमी कष्ट पडतात, याचंच तिला नवल वाटलं.

असे आठ दिवस गेले, आठ चाकं झाली. सहाव्या दिवशी दूध फारच उतरलं, तर रंगूबाईनं संध्याकाळीही राणीच्या आधी काळतोंडीवर हात फिरवला. गुऱ्हाळघरातून येताना ती निवळीची बादली आणायची आणि कुत्र्यांपुढं ओतायची. कुत्री लपलप प्यायची आणि शेजारी कोकरू माती चाटायचं. ते तिनं पाहिलं होतं. उद्यापासून सोडू या काळतोंडीला, असं ती रोज म्हणायची.

नवव्या दिवशी सकाळी कोकरू वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कडेला मान टाकून पडलं होतं.

आधी सगळ्यांना वाटलं रोग आहे. नानासोनं बाकीच्या कोकरांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, कालव्याकडचं गवत पाहिलं. मग त्यानं बाभळीखाली पोतं अंथरलं आणि कोकरू उघडलं. रोग असला तर आतड्यात कळतो. राणी तोंडाला पदर लावून उभी होती. रंगूबाई चरव्या हातात घेऊन.

आतडी स्वच्छ होती. नानासोनं दुधाची पिशवी चिरली. दूधपित्या कोकराच्या पिशवीत सकाळी पांढरा गोळा असतो. तिच्यात चिमूटभर माती निघाली आणि ओल्या लोकरीचा एक बोळा. भुकेनं त्यानं आईचीच लोकर चघळली होती. नानासोनं ते बोटानं बाजूला केलं, उठला, काळतोंडीपाशी गेला, तिच्या कासेखाली हात घातला. बराच वेळ तिथंच वाकून राहिला. परत आला तेव्हा त्यानं रंगूबाईकडं पाहिलं नाही.

"प्वाट रिकामं हाय," तो राणीला म्हणाला. "फोन पाजलास काय कोकराला?"

"मामा, मी रोज लावत हुते. तिलाच न्हवतं..." राणी बोलता बोलता थांबली आणि तिनं सासूकडं पाहिलं. आत्या सांगतील, अशी ती नजर होती. आत्यांना सांगितलं होतं, आत्या म्हणाल्या होत्या ऊन आहे.

रंगूबाई खाली वाकली. एक चरवी दुसरीत घातली. "धारंचा येळ चाललाय," ती म्हणाली आणि मेंढ्यांकडं वळली.

त्या दिवसापासून नानासोनं राणीच्या हातातून कोकरं काढून घेतली. धनगराच्या सुनेला याहून मोठी शिक्षा नसते. मारलं असतं तर चार दिवसांत विसरली असती. आता ती फक्त पाणी आणायची, भाकरी करायची, लेंड्या झाडायची. कोकरं सवयीनं तिच्याकडं धावायची आणि ती हात पाठीमागं घेऊन उभी राहायची. कालव्यावर दुसऱ्या वाड्यातल्या बायका भेटायच्या. आपल्याच आंदणाच्या मेंढीचं कोकरू उपाशी मारलं म्हणे, असं त्या तिला ऐकू जाईल इतपत हळू बोलायच्या. हरिबाचा फोन यायचा, काळतोंडी कशी आहे विचारायला. बरी हाय, एवढंच राणी सांगायची. तानाजीशीही ती आता दोन शब्दांवर बोलेना.

काळतोंडी तीन दिवस ओरडली. कोकरू पुरलं होतं त्या बाभळीपाशी जाऊन यायची, पुन्हा ओरडायची. चौथ्या दिवशी ती रंगूबाईच्या मागं लागली. कास भरली की आपणहून येऊन उभी राहायची, रंगूबाईचा हात हुंगायची आणि पान्हा सोडायची. आठ दिवस तिला रिकामं केलं ते याच हातानं. आता हाच हात तिचं कोकरू झाला होता. नानासो ते बघायचा आणि तंबाखू मळत दुसरीकडं तोंड करायचा.

कोकरू मेलं त्याच दिवशी रंगूबाईनं दोन्ही सड पिळणं सोडलं. रेघ गाठता येत नाही असं अपेक्षाला सांगितलं आणि चीज थांबलं. पण फळीवरची चाकं होती. दुसऱ्या फळीवर ओळीनं आठ. तिला अक्षर येत नव्हतं, तरी ती आठ चाकं तिनं कुठंही ओळखली असती. एक दिवसाआड ती त्या थंड खोलीत जायची, चाक उचलायची, उलटायची, तेलाचा हात फिरवायची. अंग पांढरं होतं ते पिवळं झालं, मग तांबूस. वर कातडी धरली. दर खेपेला ती म्हणायची, आज वाड्यावर गेल्यावर सांगायचं. वाड्यावर राणी चुलीपुढं बसलेली असायची, आणि सांगायचं ते दाताआड अडकायचं. आपण मेंढी पिळली हे एक वेळ सांगता येईल. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत असताना मी चरव्या उचलल्या, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रंगूबाईला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज चाकांबरोबरच घट्ट होत चालली होती.

ज्येष्ठ लागला. म्हसवडकडं वळीव झाल्याचा निरोप आला. वाडा हलायच्या आदल्या दिवशी अपेक्षानं सगळ्यांना गुऱ्हाळघरापुढच्या लिंबाखाली बोलावलं. पहिलं चाक तुमच्यासमोर फोडायचं म्हणाली. तिनं पितळी हातोडीनं खोलीतली सगळी चाकं ठोकून पाहिली होती आणि आवाजानं सगळ्यात भरीव निवडलं होतं. ते तिनं फळकुटावर आणून ठेवलं. दुसऱ्या फळीवरचं, शेवटून पहिलं. वरती कागद चिकटवला होता, त्यावर मेंढीचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत नाव.

अपेक्षानं सुरी घातली. आत पिवळसर, बारीक दाण्याचं. वास आला तो तेलाचा, गवताचा, आणि त्याखाली मेंढीच्या अंगाचा. तिनं कपची तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "काकू, मी तिकडं दोन वर्षं खाल्लं," ती म्हणाली. "हे त्याच्या तोडीचं आहे बघा. एवढं दाट दूध कुठून काढलंत?"

नानासोला एक तुकडा मिळाला, राणीला एक. रंगूबाईच्या तळहातावर एक. राणीनं तुकडा उचलून तोंडाशी नेला.

"खाऊ नगंस," रंगूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं आपला तुकडा फळकुटावर ठेवला.

"ह्यात तुज्या कोकराचं दूध हाय. मी काळतोंडीचं दोनी सड काढत हुते. रेघ भरंना म्हणून. आठ दिस. येकदा सांजचंबी."

अपेक्षानं हातातली सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. मला सांगायचं होतंत, मी थांबवलं असतं, असं ती पुटपुटली. त्यावर रंगूबाई म्हणाली की म्हणूनच सांगितलं नाही. तो नावाचा कागद तिला पाहिजे होता.

राणीच्या हातात तुकडा तसाच होता. "दुसऱ्याच दिशी मी तुमास्नी सांगितलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"व्हय."

"तुमी म्हणला ऊन हाय."

"व्हय, म्हणले."

नानासोनं घसा खाकरला. पटका काढला, मांडीवर ठेवला. "मला ठावं हुतं," तो म्हणाला. "कास चापली तवाच. दोनी सड मऊ. पिळल्यालं सड हाताला कळतंय."

राणी सासऱ्याकडं वळली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. "मग मला का बोलला मामा?"

म्हाताऱ्यानं पटक्याची एक घडी उलगडली, पुन्हा घातली. "तीस वरीस झाली. हिला बोलाया जीभ उचलली न्हाई," तो म्हणाला. "तुला बोलणं सोपं हुतं."

राणीनं तो तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग पदरानं हात पुसला आणि वाड्याकडं चालायला लागली. रंगूबाईला वाटलं होतं ती थुंकेल, निदान रडेल. तिनं घास गिळला, हे रंगूबाईला जास्त लागलं.

संध्याकाळी कोकरं पाजायची वेळ झाली. नानासो वाघरीपाशी उभा राहिला, पण त्यानं दोरी सोडली नाही. "राणी, कोकरं सोड," तो म्हणाला. अडीच महिन्यांनी.

"आत्यास्नी सांगा," राणी चुलीपासून म्हणाली. उठली नाही.

रंगूबाईनं दोरी सोडली. कोकरं उधळली, आपापल्या आया शोधायला लागली. कल्ला झाला आणि हळूहळू बसला. काळतोंडी त्या गर्दीतून सरळ रंगूबाईकडं आली, तिचा हात हुंगला आणि पाय फाकवून उभी राहिली. कास भरलेली होती. रंगूबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. मेंढीनं पदराला नाक लावलं. रंगूबाई मागं सरली, मेंढी पुढं झाली. असं दोनदा झालं. कुणी बघत नाही असं तिला वाटत होतं, पण राणी बघत होती.

राणी उठली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि वाघरीत शिरली. वळवाच्या सुमाराला एका मेंढीला जुळं झालं होतं, त्यातलं एक दुबळं, आई त्याला जवळ करत नव्हती. ते तिनं बगलेत मारून आणलं आणि काळतोंडीच्या खाली घातलं. काळतोंडीनं लाथ झाडली. परक्या कोकराचा वास तिला कसा चालेल?

"धरा तिला," राणी म्हणाली.

रंगूबाई हलली नाही.

"आत्या, धरा. तुमालाच वळखती ती."

रंगूबाई गुडघ्यावर बसली. एका हातानं तिनं मेंढीची मान कवळली आणि दुसरा हात नाकाशी नेला. मेंढीनं तो हुंगला, चाटला आणि शांत झाली. खाली कोकरानं एकदा ढुसणी मारली, मग चुकचुक आवाज सुरू झाला. राणी त्याची शेपटी हलताना बघत होती. थोड्या वेळानं एक सड रिकामा झाला आणि कोकरू तोंड सोडून धापा टाकायला लागलं. रंगूबाईनं सवयीनं मान सोडली. एक झाला होता.

"सोडू नगा," राणी म्हणाली आणि कोकराचं तोंड दुसऱ्या सडाला लावलं. "दुसराबी त्येलाच."